शाळेपासून तुटलेल्या मुलांसाठी गावातलं ऑनलाइन शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या काही वाड्यांमध्ये आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तेरा ते अठरा वयाची, पटावर नाव असून शाळेत न जाणारी किंवा शाळा सुटलेली मुलं इथे येतात. ती निम्मा अभ्यास समोर बसून करतात आणि निम्मा फोनवरून. दहावीचा निकाल लागला की आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की आमचे फोन वाजायला लागतात. खालचे प्रश्न त्या फोनांतले आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमधले आहेत. फॉर्मच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतं, म्हणून ते इथे दिलेलं नाही. त्यासाठी त्या त्या मंडळाचं संकेतस्थळच पाहा.

१. मुलगा नववीत आहे. आठवड्यातून दोन दिवस शाळेत जातो, बाकी दिवस बंदरावर असतो. त्याला शाळेतून काढून ऑनलाइनला घालू का?

आत्ता नको. दाखला तर मुळीच काढू नका. पटावर नाव आहे तोवर परतीची वाट मोकळी आहे. दाखला एकदा हातात आला की तीच वाट पुन्हा मोकळी करायला हेलपाटे घालावे लागतात.

आधी आठ दिवस एकच गोष्ट शोधा: तो नेमकं काय टाळतोय? 'अभ्यासात लक्षच नाही' या उत्तरावर थांबू नका. आमच्याकडे आलेल्या एका मुलाची सातवीपर्यंतची शाळा वाडीतच होती. आठवीपासून पाखाडी (उताराची पायऱ्यांची वाट) उतरून एसटी धरायची वेळ आली, आणि सकाळची गाडी चुकली की त्याचा अख्खा दिवस बुडायचा. एका मुलीला वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं, ती अडखळली, पोरं हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं. तिसऱ्याचे वडील आजारी पडले आणि बोटीवर खलाशी कमी पडला. घरचे तिघांबद्दलही एकच वाक्य बोलत होते. पहिल्याला गाडीची सोय हवी होती, दुसरीला वाचनाची मदत आणि तिसऱ्याला कामाच्या वेळा सांभाळणारं वेळापत्रक. ऑनलाइन अभ्यासाचा खरा उपयोग झाला तो तिसऱ्याला.

कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये तो ९९.०१ टक्के होता, २०२५ मध्ये ९८.८२. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. नववीच्या दिवाळीनंतर जो बाकावर दिसला नाही, तो या आकड्यात कुठेच नाही. हे पान त्याच्यासाठी आहे.

२. मोबाईलवर जाहिरात आली: 'घरबसल्या ऑनलाइन शाळा, सर्टिफिकेटसह'. ते चालतं का?

बहुतेक वेळा नाही. यात तीन गोष्टींची गल्लत होते: शिकायचं कुठून, शिकवणार कोण आणि परीक्षा घेणार कोण. व्हिडिओ, अ‍ॅप, पुस्तकं ही शिकायची साधनं झाली. ती फुकटही मिळतात: ई-बालभारतीवर राज्याची सगळी पाठ्यपुस्तकं आहेत आणि 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपवर धड्यांनुसार व्हिडिओ. शिकवणारं माणूस तुम्हाला शोधावं लागतं. दहावीचं प्रमाणपत्र मात्र मान्यताप्राप्त मंडळच देतं आणि त्यासाठी केंद्रावर जाऊन पेपर लिहावा लागतो. कोणी म्हणालं की परीक्षा न देता दहावी करून देतो, तर एक पैसाही देऊ नका. कोणत्या मंडळाची परीक्षा द्यावी ते पुढच्या उत्तरात आहे.

३. १७ नंबरचा फॉर्म भरू की एनआयओएस करू? सगळे वेगवेगळं सांगतात.

दोन्ही रस्ते खरे आहेत. मुलगा कसा आहे, त्यावर निवड ठरते.

१७ नंबर म्हणजे राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी, खासगी विद्यार्थी म्हणून दिलेली. पुस्तकं तीच, प्रश्नपत्रिका तीच, निकालही तोच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे. रायगडची मुलं मुंबई विभागात येतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद जवळच्या ठरलेल्या शाळेत द्यायचे. तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं त्याच शाळेत होतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्मची गडबड पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर जागे झालेले पालक दरवर्षी येतात आणि त्यांना आम्हाला पुढच्या वर्षाचं सांगावं लागतं. नववीपर्यंत बरा चाललेला आणि शाळेच्या पुस्तकाची भीती नसलेला मुलगा असेल तर हा फॉर्म भरा.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ती केंद्र सरकारची आहे, १९८९ पासूनची. आपल्याला पुण्याचं विभागीय केंद्र आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. मराठी माध्यमातून दहावी करता येते. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषयही आहेत. प्रवेश पाच वर्षं टिकतो आणि तेवढ्या काळात विषय एकेक करून सोडवता येतात. पास व्हायला ३३ टक्के लागतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदम सगळे पेपर म्हटल्यावर ज्याचे हातपाय गार पडतात, त्याला हे मानवतं. एकेक विषय सुटत गेला की त्याची मान वर येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक धोका मात्र आहे. गणिताचा कंटाळा म्हणून गणित सोडलं आणि पुढे डिप्लोमाला किंवा विज्ञान शाखेला जायची इच्छा झाली, तर ते दार बंद असू शकतं. म्हणून गणित सोडायचा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊ नका. तीन-चार महिने शिकवून पाहा. बऱ्याचदा भीती गणिताची नसून शिकवणाऱ्याची असते.

४. मुलगी सहावीतच सुटली. आता तेरा वर्षांची आहे. तिला थेट दहावी करता येईल का?

तिची जागा अजून शाळेतच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून घ्यावं लागतं आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. एकदा प्रवेश झाला की चौदा उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पूर्ण करता येतं. मुख्याध्यापकांना भेटा, तिथे अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. अभ्यासिकेचा आधार सोबत असू द्या. पण शाळेऐवजी फोन, ही वाट या वयात धरू नका.

ज्यांना शाळेत परतणं खरोखरच शक्य नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे आठवीच्या परीक्षेसाठी वय १३ पूर्ण लागतं.

५. शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे / शाळा दाखला देत नाही. काय करू?

हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरात नोंद असतेच, त्यावरून दुय्यम प्रत मिळते. १७ नंबरसाठी दुय्यम प्रतीसोबत प्रतिज्ञापत्रही जोडावं लागतं. शाळा टाळाटाळ करत असेल तर तोंडी बोलणं थांबवा. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तीच पोच जोडून प्राथमिकसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि हायस्कूलसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. पोच असेल तर काम हलतं. आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शाळेत घालताना दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हेही कायद्यातच आहे.

नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, ते आजच बघा. आमच्याकडे फॉर्म अडतात ते जास्त करून याच कारणाने.

६. आमच्या वाडीत रेंजच नाही. ऑनलाइन कसं करणार?

तुम्हाला चोवीस तास रेंजची गरज नाही. दिवसातून वीस मिनिटं पुरतात, फक्त ती कुठे मिळतात ते माहीत हवं.

एका रविवारी मुलालाच कामाला लावा. फोन घेऊन घराभोवती, वरच्या सड्यावर, देवळाच्या मागे, विहिरीकडे फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी तोच एक छोटा व्हिडिओ लावून किती वेळात सुरू होतो ते वहीत लिहायचं. सकाळी एकदा, रात्री एकदा. आमच्या एका मुलाने असा नकाशाच काढला. खळ्यात शून्य, मागच्या पडवीत एक कांडी, आणि फणसाखालच्या दगडावर उभं राहिलं की पूर्ण रेंज. त्या दगडावर आता वाडीतले सगळे उभे राहतात. वर्ष-दीड वर्षात त्याने वहीत स्वतःहून लिहिलेलं ते पहिलं पान होतं. दुसऱ्या कंपनीचं सिम कोणाकडे असेल तर तेही याच पद्धतीने तपासून घ्या.

जागा कळली की अभ्यास 'उतरवून घ्यायचा'. रोज तिथे जाऊन त्या दिवसाचा व्हिडिओ आणि पानं डाउनलोड करायची, घरी येऊन बघायची आणि दुसऱ्या दिवशी सोडवलेल्या वहीचा फोटो तिथूनच पाठवायचा. थेट वर्ग आठवड्यातून एकदाच ठेवा, तोही जिथे रेंज आहे त्या घरी किंवा शाळेच्या खोलीत. व्हॉइस मेसेजवर शिकवणं आम्हाला सुरुवातीला कमीपणाचं वाटायचं. आता आमचं निम्मं मराठी आणि इतिहास त्यावरच चालतो. मूल तो मेसेज जाळी विणतानाही तीनदा ऐकतं.

७. डेटा किती जाईल? रोजचा दीड जीबी पुरेल?

नीट वापरला तर पुरून उरेल. चांगल्या दर्जाचा गटाचा व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या आसपास खातो. ४८० च्या दर्जाचा व्हिडिओ तासाला चार-पाचशे एमबी घेतो. व्हॉइस मेसेजला मिनिटाला शंभर-दीडशे केबी पुरतात. रोज अर्ध्या तासाचा व्हिडिओ, दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज आणि चार फोटो एवढं धरलं तरी तीनशे एमबीच्या आत काम होतं. उरलेला डेटा कुठे जातो, ते प्रश्न १३ मध्ये.

८. पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाते. तेव्हा?

जूनआधी तयारी करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळलं, तेव्हा रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक वाड्या आठवड्यांमागून आठवडे अंधारात होत्या. शाळाही तेव्हा नुकत्याच ऑनलाइन झाल्या होत्या. त्या काळात ज्या घरात छापील पुस्तक होतं, त्याच घरात अभ्यास चालू राहिला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मुलाला मेअखेर दोन महिन्यांचे स्वाध्याय झेरॉक्स करून मिळतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर साधा फोन एकदा पूर्ण आणि थोडा वर चार्ज होतो. राउटर असेल तर त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास निभावून नेतो. वीज कडाडायला लागली की चार्जर आणि राउटरचे प्लग उपटून ठेवा, बटण बंद करून भागत नाही. पहिल्याच वर्षी वळवाच्या पावसात आमचा राउटर असाच जळला आणि नवा येईपर्यंत तीन आठवडे गेले.

९. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडील बोटीवर घेऊन जातात.

मग अभ्यासाची वेळ फोन घरी असण्यावर ठरवा. वडील परतल्यावरचा अर्धा तास रोज मुलाचा, असं घरात सर्वांसमोर ठरू द्या. धडा मेमरी कार्डावर भरून देता येतो. कार्ड कोणाच्याही जुन्या फोनमध्ये चालतं, त्याला सिम लागत नाही. मुंबईच्या नातेवाइकांकडे कपाटात पडलेले जुने फोन असतात. गणपतीत येताना एक आणा म्हणून आजच सांगून ठेवा. नवा फोन कर्जाने घेऊ नका.

१०. रोज किती तास बसवायचं?

सुरुवातीला चाळीस मिनिटं. शाळेचे सहा तास नकोसे झाले म्हणून जो बाहेर पडला, त्याला घरी पुन्हा सहा तास फोनसमोर बसवलं तर पंधरा दिवसांत तो तिथूनही पळेल. दोन महिन्यांनी दीड तासावर या. दहावीच्या वर्षात तीन तास पुरेसे होतात. वेळ रोज तीच असू द्या, मग ती पहाटेची असली तरी चालेल.

वर्षाची आखणी शाळेच्या कॅलेंडरवर न करता गावच्या कॅलेंडरवर करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. बंदरावरच्या मुलासाठी अभ्यासाचे सगळ्यात मोठे दोन महिने हेच. शेतीवाल्या घरात मात्र तेव्हाच भाताची लावणी असते, तिथे पंधरा दिवस सोडून द्या. गणपतीत, तसंच शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना, अभ्यास होणार नाही, हे आधीच मान्य केलं तर भांडण होत नाही. शिमगा आणि राज्य मंडळाची परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात, म्हणून १७ नंबरवाल्यांशी याबद्दल दिवाळीतच बोलून ठेवा. एप्रिल-मे आंब्या-काजूचे. तेव्हा एनआयओएसचा पेपर असेल तर कलमांच्या राखणीला दुसरं माणूस लागेल.

११. मुलाला नीट वाचताच येत नाही. कुठून सुरुवात करू?

त्याला जे येतं तिथून.

पंधरा वर्षांचा एक मुलगा पहिल्या संध्याकाळी आला तेव्हा आम्ही त्याच्यापुढे सातवीचं इतिहासाचं पुस्तक ठेवलं. चूक आमची होती. तळहात पानावर आणि नजर दाराकडे, असा तो वीस मिनिटं बसून राहिला. दुसऱ्या दिवशी खिशातून रुमाल काढताना एक चिठ्ठी पडली, चार घड्या घातलेली, डिझेलचा डाग पडलेली. तिच्यावर डिझेल, बर्फ, रेशन असे तीन आकडे होते. 'हे काय?' विचारल्यावर तो बोलायला लागला. हर्णैच्या लिलावात किती आले, त्यातून हा खर्च वजा, उरलेल्याचे वाटे किती, मालकाचे किती, खलाशाला एक वाटा म्हणजे किती. सगळं तोंडी आणि बिनचूक. शाळेच्या गुणपत्रिकेवर मात्र त्याच्या गणिताखाली लाल रेघ होती.

आम्ही तीच चिठ्ठी फळ्यावर लिहिली. वाट्यांवरून गुणोत्तर शिकवलं, बर्फाच्या वाढलेल्या भावावरून टक्केवारी. वाचनासाठी बाजारभावाच्या बातम्या आणि हवामानाचा इशारा घेतला. त्याचे वडील तो रोज बघायचेच, आता मुलगा वाचून दाखवायला लागला. पाठ्यपुस्तक चौथ्या महिन्यात उघडलं. वाचन कच्चं असलेल्या मुलाला व्हिडिओंची रांग लावून देऊ नका, तो नुसता बघत बसेल. रोज दहा ओळी मोठ्याने वाचून त्याचा व्हॉइस मेसेज एकाच माणसाला पाठवायचा. उत्तर त्याच दिवशी, त्याचं नाव घेऊन आलं पाहिजे.

१२. ऑनलाइन वर्गात तो कॅमेरा बंद ठेवतो, काही बोलत नाही. शिकतोय की नाही कसं कळणार?

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. मागे पडकी भिंत दिसेल, आई भांडी घासताना दिसेल, याची लाज या वयात फार असते. त्याच्या वहीचा फोटो मागा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं त्याच्याशी एकट्याशी फोनवर बोला आणि सोडवलेलं एक उदाहरण समजावून सांगायला लावा. तो सांगतोय तर शिकतोय. झूमच्या मोफत वर्गाला चाळीस मिनिटांची मर्यादा असते. आम्हाला ती सोयीचीच पडली, कारण त्यापुढे मुलांचं लक्ष तसंही राहत नाही.

१३. अभ्यासाला म्हणून फोन दिला आणि दिवसभर रील बघतो. काढून घेऊ?

हिसकावून घेऊ नका. त्या दिवसापासून तो खोटं बोलायला शिकेल. अभ्यासाची वेळ फोनच्या वेळेच्या आधी ठेवा आणि धडा उतरवून घेतला की डेटा बंद करायचा हे ठरवा. रात्री दहानंतर फोन देवघराजवळ चार्जिंगला, आणि घरातल्या सर्वांचाच, तुमचाही. पैसे लावून खेळायचे गेम फोनवर असतील तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. तिथे घरातलं माणूस, बँकेचे मेसेज आणि यूपीआयचा पिन आधी सांभाळा.

१४. मुलगी आहे. अनोळखी माणसांचे मेसेज येतील म्हणून घरचे फोन द्यायला तयार नाहीत.

त्यांची भीती रास्त आहे, तिला 'जुनाट विचार' म्हणून उडवून लावू नका. आमचे नियम असे: मुलींचा नंबर कुठल्याही मोठ्या ग्रुपमध्ये टाकायचा नाही, आईच्या किंवा मावशीच्या फोनवरून जोडायचं. ग्रुपमध्ये कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. शिकवणाऱ्याने मुलीला एकट्याने व्हिडिओ कॉल करायचा नाही. फोटो मागायचा तो फक्त वहीचा. अ‍ॅप निवडताना जे जास्त माहिती मागतं ते सोडा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते.

कोणी त्रास दिलाच तर तिचा फोन काढून घेणं ही तिलाच शिक्षा झाली. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा: तू आम्हाला सांगितलंस म्हणून अभ्यास बंद होणार नाही.

१५. मुलगा हुशार आहे, पण अक्षरं उलटसुलट लिहितो, पेपर पूर्ण होत नाही.

त्याला आळशी म्हणणं आजच थांबवा. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेल्या एकवीस प्रकारांत ती आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करून तपासणी आणि प्रमाणपत्राचं काम सुरू करा. हेलपाटे होतात, म्हणून आठवी-नववीतच करा. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ आणि एनआयओएस दोन्हीकडे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. फॉर्म भरतानाच तसं नोंदवावं लागतं. अशा मुलांना फोनचा एक मोठा फायदा होतो: धडा ऐकता येतो आणि उत्तर बोलून देता येतं.

१६. दिवसभर झोपून असते, जेवत नाही, मैत्रिणी सोडल्या. अभ्यासाला कसं लावू?

आत्ता अभ्यास बाजूला ठेवा. ही शाळेची अडचण राहिलेली नाही. टेलि-मानस, १४४१६, हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली असेल तर एकटी ठेवू नका आणि आजच दवाखान्यात न्या. वर्ष गेलं तरी चालेल.

१७. तो बोटीवर जातो, पैसे आणतो. कायद्याने अडचण आहे का?

चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेली मदत चालते. चौदा ते अठरा वयात धोकादायक कामं चालत नाहीत. एवढा कायदा झाला. आमचा आग्रह त्यापुढचा आहे: खोल समुद्रात रात्रीच्या फेरीला मुलाला नेऊ नका. जाळी, डागडुजी, लिलावाचा हिशेब ही किनाऱ्यावरची कामं करूनही त्याला घरात मान मिळतो आणि संध्याकाळ मोकळी राहते.

१८. आम्ही दोघं मुंबईत, मुलगा गावी आजीकडे. आजीला यातलं काही कळत नाही.

आजीला कळायची गरज नाही, तिने नुसतं बसायचं आहे. ओटीवर मुलगा वही घेऊन आणि समोर आजी कुळीथ निवडत. तो तिला वाचून दाखवेल. आमच्याकडच्या एका आजीला अक्षरओळख नाही, पण नातू अडखळला की ती 'परत वाच' म्हणते, आणि बरोबर तिथेच म्हणते.

तुम्ही रोज रात्री एका ठरलेल्या वेळेला फोन करा. 'अभ्यास केलास का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. 'आज काय वाचलंस ते मला सांग' म्हणा आणि ऐका. पाच मिनिटं, पण रोज. आणि शक्य असेल तर त्याला घाईने मुंबईत नेऊ नका. नवी शाळा, दहा बाय दहाची खोली आणि तुटलेले मित्र, एवढं सगळं एकदम त्याच्यावर पडेल.

१९. आमच्या गावात असा गट सुरू करायचा आहे. काय लागतं?

रोज येणारं एक मोठं माणूस. बाकीचं जमतं. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं वाचनालय किंवा शाळा सुटल्यावरची एखादी खोली मिळते. ग्रामपंचायतीला आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि शाळेला विरोधात घेऊ नका. तुम्ही वर्ग चालवत आहात, शाळा नाही. त्यामुळे 'शाळा' असं नाव लावू नका आणि प्रमाणपत्र देऊ नका. पहिल्या वर्षी पाच-सहा मुलंच घ्या. शिकवणारे बाहेरचे, फोनवरचे असू शकतात. मुंबई-पुण्यात गेलेली तुमच्याच गावची पोरं आठवड्याला एक तास आनंदाने देतात. पण एखादा मुलगा दोन दिवस आला नाही की त्याच्या घरी चालत जाणारं माणूस गावातलंच हवं. फी घेऊ नका, झेरॉक्सचा खर्च तुमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाकडून घ्या.

२०. सहा महिने ऑनलाइन केल्यावर म्हणतो, परत शाळेत जायचंय. आता?

आनंदाने पाठवा. नाव पटावर असेल तर (प्रश्न १) सोमवारीच जाता येईल. राज्य मंडळाच्या दहावीसाठी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून वर्षाच्या मध्यात असाल तर मुख्याध्यापकांशी आधी बोला. अभ्यासिका एकदम बंद करू नका, निदान दोन-तीन महिने तिथली संध्याकाळ त्याला राहू द्या.

२१. (हा प्रश्न एका सोळा वर्षांच्या मुलाने स्वतः पाठवला.) मला दहावी नको. मला बोटीचं इंजिन शिकायचं आहे. मग हे सगळं कशाला?

इंजिन शिकायचं आहे ना, मग तिथूनच बघू. आयटीआयत वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालतं, पण डिझेल मेकॅनिकला दहावी लागते. मत्स्यव्यवसाय विभागाचं रत्नागिरीला मच्छीमार प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सहा महिन्यांत मासेमारी, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. त्याला दहावी लागत नाही, पोहता यावं लागतं, पण वय अठरा पूर्ण हवं. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत. तेवढ्यात एनआयओएसचे पाच विषय एकेक करून होतात (प्रश्न ३), आणि दोन्ही रस्ते तुला खुले राहतात. निवड तुझी.

तुमच्या बोटीच्या इंजिनाचं पुस्तक तांडेलकडे (बोट चालवणाऱ्या प्रमुखाकडे) असेल, बहुतेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून केबिनमध्ये. ते इंग्रजीत आहे. बुधवारी संध्याकाळी घेऊन ये. ऑइल कधी बदलायचं ते कुठल्या पानावर लिहिलंय, ते आपण दोघं मिळून शोधू.